प्रयोगशाळेतील उंदरांचे वाण कोण जपते आणि ते सर्वांना का मिळायला हवेत

२०२० च्या सुरुवातीला कोरोनावर लस आणि औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळांपुढे एक अगदी मूलभूत अडचण उभी राहिली. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या उंदरांना या विषाणूची लागणच होत नव्हती. माणसाच्या पेशीत शिरताना हा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील एसीई२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. एसीई२ उंदरातही असते, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्यामुळे मूळ विषाणूला त्याचा आधार मिळत नव्हता. त्यामुळे ज्याच्या शरीरात मानवी एसीई२ चे जनुक घातलेले आहे असा उंदीर हवा होता, आणि तो नव्याने तयार करून, तपासून, जगभर पुरेल एवढी त्याची पैदास करायची तर साथीच्या काळातले फार मोलाचे महिने त्यात गेले असते.

असा उंदीर आधीच तयार झालेला होता. २००३ मध्ये सार्सची, म्हणजे एसीई२ लाच चिकटणाऱ्या दुसऱ्या एका कोरोनाविषाणूची, साथ आल्यानंतर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात स्टॅन्ली पर्लमन आणि पॉल मॅक्रे यांच्या गटांनी तो बनवला होता आणि त्यावरचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सार्स ओसरल्यावर त्याची मागणीही ओसरली, तरी त्याचे शुक्राणू गोठवून ठेवलेले होते. २०२० मध्ये ते मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेकडे आले, तेथे कृत्रिम फलनाने त्यांच्यापासून पुन्हा जिवंत उंदीर निपजवले गेले, आणि त्यांची संख्या वाढवून ते निरनिराळ्या देशांतील संशोधकांना पाठवण्यात आले. त्यानंतरच्या असंख्य लसींच्या आणि औषधांच्या चाचण्या याच एका वाणावर झाल्या.

या कामाचे श्रेय उंदीर बनवणाऱ्यांना मिळाले आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या इतकेच मोलाचे काम त्या यंत्रणेने केले, जिच्यामुळे तेरा वर्षांपूर्वीचा, कोणालाही नको असलेला एक वाण नोंदीसह शाबूत राहिला आणि मागेल त्याला मिळू शकला. या यंत्रणेबद्दल सर्वसामान्य वाचकांपर्यंत फार कमी पोहोचते, म्हणून ती कशी उभी राहिली आणि कशी चालते हे येथे थोडे सविस्तर मांडतो.

आधी त्या उंदराच्या नावाकडे पाहू, कारण सगळी यंत्रणा त्या नावात दडलेली आहे. बोलताना त्याला के१८ उंदीर म्हणतात, पण त्याचे अधिकृत नाव सुटे करून वाचले तर ते बी६, सीजी, टीजी, के१८-एसीई२, २, पर्लमन आणि शेवटी जे असे भरते. बी६ म्हणजे ज्या पार्श्वभूमीवर हे जनुक बसवले आहे तो सी५७बीएल/६ हा वाण. सीजी ही अक्षरे सांगतात की मूळ जनुक मिश्र वंशाच्या उंदरांत घातले गेले होते आणि नंतर पुन्हा पुन्हा संकर करून ते बी६ पार्श्वभूमीवर आणले गेले. टीजी म्हणजे बाहेरून जनुक घातलेला, म्हणजे ट्रान्सजेनिक. के१८ हा केराटिन १८ या मानवी जनुकाचा नियंत्रक भाग असून त्याच्यामुळे घातलेले जनुक श्वसनमार्गाच्या अस्तरासारख्या पेशींत कार्यरत होते. त्यापुढचा २ हा आकडा सुरुवातीच्या निरनिराळ्या वंशांपैकी नेमका कोणता हे सांगतो, पर्लमन हा तो बनवणाऱ्या प्रयोगशाळेचा नोंदणीकृत संकेत आहे, आणि शेवटचा जे म्हणजे तो सध्या जॅक्सनमध्ये राखला जातो. याखेरीज साठ्याचा क्रमांक आहे ०३४८६०. हे नाव आणि हा क्रमांक लिहिला की टोकियोतील, पॅरिसमधील किंवा पुण्यातील संशोधकाला आपण नेमक्या कोणत्या प्राण्याबद्दल बोलत आहोत हे कळते, तोच प्राणी मागवता येतो आणि दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष पडताळून पाहता येतो. या उंदराच्या मेंदूतही संसर्ग मोठ्या प्रमाणात पसरतो आणि त्या बाबतीत तो माणसाच्या आजाराशी पूर्णपणे जुळत नाही, ही मर्यादाही सर्वांना लवकर समजली ती सर्वजण एकच वाण वापरत होते म्हणूनच.

इतक्या नेमकेपणाची गरज का पडते हे समजण्यासाठी शंभरेक वर्षे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनबी या गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकत असत. त्यांच्याकडे वंशावळीची काटेकोर नोंद असे, काही वंशांत गाठी जास्त होतात हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आले होते, आणि पुढे लिओ लोब या रोगनिदानतज्ज्ञासह त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिले. हार्वर्डचे विल्यम कॅसल त्यांच्याकडून उंदीर घेत असत. कॅसल यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांचे पिढ्यान्‌पिढ्या मीलन घडवून डीबीए हा पहिला अंतःप्रजनित वाण घडवायला सुरुवात केली. १९२१ मध्ये त्यांनी लॅथ्रॉप यांच्या साठ्यातून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीच्या संततीतून काळ्या रंगाचा सी५७बीएल वाण काढला. त्याचीच बी६ ही शाखा आज जगात सर्वाधिक वापरली जाते, आणि २००२ मध्ये उंदराच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या संपूर्ण जनुकीय माहितीचा, पहिला विस्तृत आराखडा प्रसिद्ध झाला तोही याच वाणाचा. जॅक्सन प्रयोगशाळा १९२९ मध्ये याच लिटल यांनी स्थापन केली.

भाऊ-बहिणींचे मीलन सलग वीस पिढ्या झाले की त्या वाणातील प्राणी जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात, आणि आईकडून व बापाकडून आलेल्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रतीही बहुतेक सर्व ठिकाणी सारख्याच असतात. एका उंदराची त्वचा त्याच वाणाच्या दुसऱ्या उंदरावर लावली तर शरीर ती परकी मानत नाही. जॉर्ज स्नेल यांनी जॅक्सनमध्ये एकमेकांपासून केवळ एकाच जनुकीय प्रदेशात वेगळे असलेले वाण तयार केले आणि त्यांच्या आधारे अवयव स्वीकारणे किंवा नाकारणे कोणत्या जनुकांवर ठरते हे दाखवले. माणसांतील अवयव प्रत्यारोपणात दात्याचे आणि रुग्णाचे ऊतक जुळवून पाहण्यामागचे शास्त्र या कामातून पुढे आले, आणि १९८० मध्ये स्नेल नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

मात्र एकदा शुद्ध केलेला वाण कायमचा तसाच राहत नाही. प्रत्येक पिढीत काही नवी उत्परिवर्तने घडतात, आणि वेगळ्या वसाहतीत वाढणाऱ्या उंदरांत ती पिढीगणिक साठत जातात. १९५१ मध्ये बी६ वाणाचे काही उंदीर जॅक्सनमधून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेले. पुढे जॅक्सनकडच्या बी६जे या शाखेत एनएनटी नावाच्या, पेशीतील ऊर्जेच्या देवाणघेवाणीशी संबंधित जनुकाचा मोठा तुकडा गळून पडला, तर आरोग्य संस्थेकडच्या बी६एन या शाखेत डोळ्याच्या पडद्याची हळूहळू हानी करणारे उत्परिवर्तन पक्के झाले. म्हणजे बी६जे उंदरावर केलेला मधुमेहाचा प्रयोग आणि बी६एन उंदरावर केलेला तोच प्रयोग वेगळी उत्तरे देऊ शकतात, आणि बी६एन वर दृष्टीचा प्रयोग करणाऱ्याला आजाराचे कारण भलतीकडे शोधत बसावे लागते. शोधनिबंधात नुसते सी५७बीएल/६ असे लिहिले तर वाचणाऱ्याला यांतले काहीच कळत नाही.

याहून बोलकी दोन उदाहरणे आहेत. युरोपात एका पुरवठादाराकडून विकल्या जाणाऱ्या बी६ च्या एका उपवाणात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे जनुकच नाहीसे झालेले आहे, हे २००१ मध्ये उघड झाले. पार्किन्सनच्या आजारात मेंदूत ज्या प्रथिनाचे गोळे साठतात ते हेच प्रथिन. ते जनुक नसलेले उंदीर चेताविज्ञानाच्या प्रयोगांत वापरले जात होते आणि वापरणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. दुसरे उदाहरण कॅस्पेस-१ या जनुकाचे आहे. हे जनुक बंद केलेले उंदीर जंतुदोषाच्या तीव्र धक्क्यातूनही वाचतात असे १९९० च्या दशकात दिसले, आणि त्यावर पुढे मोठे संशोधन उभे राहिले. २०११ मध्ये कळले की ते उंदीर ज्या १२९ वाणाच्या पेशींपासून बनवले गेले होते, त्या वाणात शेजारचे कॅस्पेस-११ हे जनुक मुळातच बिघडलेले होते. दोन्ही जनुके गुणसूत्रावर अगदी लगत असल्यामुळे संकर कितीही केले तरी ती एकमेकांपासून सुटली नव्हती, आणि त्या संरक्षणाचा मोठा वाटा कॅस्पेस-११ च्या अभावाकडे जात होता. हा उलगडा होऊ शकला याचे कारण तेच उंदीर इतर प्रयोगशाळांना उपलब्ध होते आणि निरनिराळ्या वाणांचे जीनोम तुलनेसाठी खुले होते. तो वाण एखाद्याच्या खासगी वसाहतीत बंद राहिला असता, तर ही दुरुस्ती कोणी आणि कशी केली असती याचा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

वाण अनेक ठिकाणी असण्याचे महत्त्व जॅक्सन प्रयोगशाळेनेच सर्वात कठोरपणे अनुभवले. ऑक्टोबर १९४७ मध्ये माउंट डेझर्ट बेटावर वणवा पेटला आणि त्यात या प्रयोगशाळेच्या इमारतींचा मोठा भाग व हजारो उंदीर नष्ट झाले. जवळजवळ दोन दशकांची पैदास एका दिवसात गेली. पण त्याआधीच्या वर्षांत जॅक्सनने आपले वाण देशोदेशींच्या संशोधकांना सढळ हाताने दिले होते, आणि आता त्याच संशोधकांनी आपापल्या पिंजऱ्यांतील उंदीर परत पाठवले. आपले विरजण बिघडले की ज्या शेजारणीला आपण कधी विरजण दिले तिच्याकडूनच ते परत मागून आणतात, तसे ते वाण पुन्हा जमले. त्यानंतर ही प्रयोगशाळा उंदीर वाटणारी संस्था म्हणूनही पुन्हा उभी राहिली.

नैसर्गिक आपत्तींचा हा धोका अजूनही टळलेला नाही. २००१ मध्ये ह्यूस्टनच्या वैद्यकीय परिसरात ॲलिसन वादळाचे पाणी शिरले तेव्हा आणि २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तळघरातील प्राणीगृह बुडाले तेव्हा, दोन्ही वेळा हजारो उंदीर मेले, आणि त्यांत जगात दुसरीकडे कुठेही नसलेले काही वाण होते. ज्यांचे वाण आधी इतरांना दिलेले किंवा गोठवलेले होते त्यांना ते परत मिळवता आले. बाकीच्यांची वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली.

गोठवण्याचे तंत्र १९७२ मध्ये हाती आले. डेव्हिड व्हिटिंगहॅम, स्टॅन्ली लीबो आणि पीटर मॅझर यांनी उंदराचे भ्रूण उणे १९६ अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केले, पुन्हा वितळवले आणि त्यांच्यापासून धडधाकट पिल्ले जन्माला घातली. शुक्राणू गोठवण्याची भरवशाची पद्धत मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जपानी संशोधकांच्या कामातून आली. ती ऐकताना साधी वाटते. नराच्या शुक्राणूंमध्ये रॅफिनोज ही साखर आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी यांचे द्रावण मिसळतात, ते मिश्रण बारीक प्लास्टिकच्या नळ्यांत भरतात, नळ्या आधी नायट्रोजनच्या वाफेत धरतात आणि मग द्रवात सोडतात. एका नराच्या शुक्राणूंपासून पुढे कित्येक पिल्ले मिळू शकतात. अडचण अशी होती की सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बी६ वाणाचे शुक्राणू वितळवल्यावर फारच कमी फलन करत. त्या द्रावणात आणि फलनाच्या माध्यमात योग्य रसायने मिसळण्याचे उपाय जॅक्सनमध्ये आणि कुमामोतो विद्यापीठात सापडले, तेव्हा कुठे ही पद्धत सर्रास वापरता येऊ लागली.

वाण परत जिवंत करायचा असेल तर नळी काही क्षण कोमट पाण्यात धरून वितळवतात, त्याच पार्श्वभूमीच्या मादीची अंडी घेऊन काचपात्रात फलन घडवतात, आणि दुसऱ्या दिवशी दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूण दुसऱ्या मादीच्या अंडवाहिनीत ठेवतात. या दुसऱ्या मादीचे मीलन आधी नसबंदी केलेल्या नराशी झालेले असल्यामुळे तिचे शरीर गर्भ स्वीकारायला तयार असते. सुमारे एकोणीस-वीस दिवसांनी पिल्ले होतात, आणि त्यांच्या शेपटीचा किंवा कानाचा कणभर तुकडा घेऊन हवे ते जनुक त्यांच्यात आहे का हे तपासतात. या मार्गाचा आणखी एक मोठा लाभ म्हणजे रोगजंतू वाटेतच गळतात. जिवंत उंदीर एका देशातून दुसऱ्या देशात नेले तर त्यांच्याबरोबर उंदरांचा हिपॅटायटीस विषाणू, पार्व्होविषाणू किंवा जंत येऊ शकतात आणि एका पेटीमुळे अख्खे प्राणीगृह रिकामे करण्याची वेळ येते. धुतलेले भ्रूण निरोगी मादीत वाढवले तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. शुक्राणूंत जीनोमची निम्मीच बाजू असते, त्यामुळे पार्श्वभूमीचा वाण सहज मिळणारा असेल तेव्हा शुक्राणू पुरतात. ज्या वाणाचा सगळा जीनोमच अनोखा आहे त्याचे भ्रूणच गोठवावे लागतात, हे ठरवताना अनुभवी माणूस लागतो.

गोठवलेल्या भ्रूणांनी वाण हळूहळू बदलत जाण्यालाही लगाम बसला. जॅक्सनने २००३ पासून आपल्या मुख्य वाणांसाठी अशी व्यवस्था केली आहे की जुन्या, एकाच जोडीपासून आलेल्या भ्रूणांचा मोठा साठा करून ठेवायचा आणि दर काही पिढ्यांनी चालू वसाहत बाजूला सारून त्या साठ्यातून नवी सुरू करायची, म्हणजे आजचा बी६जे आणि वीस वर्षांनंतरचा बी६जे यांत शक्य तितके कमी अंतर राहील.

साठा कोणासाठी आणि किती काळ जपायचा याचे उत्तर लठ्ठ उंदराच्या कथेत मिळते. १९४९ मध्ये जॅक्सनमध्ये आपोआप घडलेल्या एका उत्परिवर्तनामुळे काही पिल्ले बेसुमार लठ्ठ होताना दिसली. त्यामागचे जनुक कोणते हे तेव्हाच्या साधनांनी शोधता येण्यासारखे नव्हते, तरीही तो वाण टाकून दिला गेला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला आणि वाटला गेला. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक शोधले आणि लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्या पिंजऱ्यांचा खर्च कोणाला निरर्थक वाटला असता तर आश्चर्य नव्हते.

ठरवून जनुक बंद करण्याचे तंत्र मारिओ कॅपेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामातून आले आणि त्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. हे तंत्र हाती आल्यावर प्रत्येक प्रयोगशाळा आपल्याला हवा तो नॉकआउट, म्हणजे एखादे जनुक बंद केलेला, उंदीर बनवू लागली, आणि त्यात एकच जनुक अनेकांनी वेगवेगळ्या पद्धतीने बंद केल्यामुळे पैसा, वेळ आणि प्राणी यांचा अपव्यय होऊ लागला. म्हणून अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांनी २००६ च्या सुमारास एकत्र येऊन उंदराच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांसाठी एकाच पद्धतीने, बी६एन पार्श्वभूमीवर, बंद जनुकांच्या पेशींचे भांडार उभारायला घेतले. २०११ पासून आंतरराष्ट्रीय मूषक लक्षण संघ त्या पेशींपासून आणि पुढे क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राच्या साह्याने उंदीर बनवून, प्रत्येकाच्या हृदयापासून श्रवणापर्यंतच्या ठरावीक तपासण्या करून सगळी माहिती खुली ठेवत आला आहे. २०१६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या १,७५१ जनुकांपैकी ४१० जनुके अशी होती की ती पूर्ण बंद केली तर पिल्लू जगतच नाही. दुर्मीळ आजाराच्या बालकात एखादे अनोळखी जनुक बिघडलेले आढळले की डॉक्टर आज या माहितीसाठ्यातही डोकावू शकतात, आणि तेथे तो उंदीर कोणत्या भांडारातून मागवता येईल हेही नोंदलेले असते.

ही भांडारे कुठे आहेत ते थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेत १९९९ पासून उत्परिवर्तित उंदरांसाठीची चार केंद्रे आहेत, युरोपचे मूषक भांडार इन्फ्राफ्रंटियर या जाळ्यातून चालते, आणि जपानमध्ये त्सुकुबा येथील रिकेन संस्थेचे जैवसंपदा केंद्र आहे. कोणता वाण कुठे, कोणत्या रूपात, म्हणजे जिवंत, भ्रूण की शुक्राणू, हे शोधण्यासाठी या सर्वांची एक सामाईक सूची आहे, आणि नावांचे नियम व जनुकांची माहिती जॅक्सनमधील माउस जीनोम इन्फर्मॅटिक्स हा माहितीसाठा सांभाळतो.

एका वाणात सगळे उंदीर एकसारखे असणे हे प्रयोगाचे बळ आहे, तसाच तो त्याचा मोठा दोषही आहे. माणसे एकसारखी नसतात, आणि एकाच बी६ वाणावर औषध तपासणे म्हणजे एकाच व्यक्तीवर ते पुन्हा पुन्हा तपासणे. यावर उपाय म्हणून आठ वाण एकत्र गुंफण्याचा प्रकल्प या शतकाच्या आरंभी आखला गेला. त्यांत बी६ आणि १२९ सारखे पाच प्रयोगशाळेतले जुने वाण होते, तर तीन वाण जंगली उंदरांपासून अलीकडे काढलेले होते, आणि त्यांपैकी थायलंडमधून आलेला वाण घरगुती उंदराच्या कॅस्टेनियस या उपजातीचा आहे, जी भारतातही आढळते. या आठांच्या संकरातून पुढे अनेक नवे अंतःप्रजनित वाण निघाले, आणि त्यांतला प्रत्येक वाण आठही पूर्वजांचे तुकडे वेगवेगळ्या क्रमाने बाळगतो. २०१४ मध्ये या वाणांवर इबोलाचा प्रयोग झाला तेव्हा काही वाण पूर्ण सुखरूप राहिले, तर काही माणसांसारख्याच रक्तस्रावी तापाने मेले. तोपर्यंत उंदीर इबोलाच्या अभ्यासाला फारसे उपयोगी नाहीत असे मानले जात होते, आणि खरी उणीव उंदरात नसून एकाच वाणाच्या वापरात होती हे त्या प्रयोगाने दाखवले. हे वाण मोजके आणि स्थिर असल्यामुळे आज एकाने मोजलेले यकृताचे आणि दहा वर्षांनी दुसऱ्याने मोजलेले मेंदूचे निष्कर्ष एकत्र मांडता येतात. मला वाटते की सामाईक साठ्याचे सर्वात मोठे देणे हेच आहे.

देणे-घेणे नेहमीच इतके सोपे नव्हते. हार्वर्डमध्ये बनवलेल्या कर्करोगप्रवण उंदरावर १९८८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि त्याचे हक्क ड्यूपाँ कंपनीकडे गेले. शरीराच्या हव्या त्या भागातच जनुक बंद करता येणारे क्रे-लॉक्स तंत्रही याच कंपनीच्या ताब्यात होते. असे उंदीर दुसऱ्याला देताना परवानगी घ्यावी, आणि त्यांच्या आधारे पुढे लागणाऱ्या शोधांतही कंपनीचा वाटा मानावा, अशा अटी विद्यापीठांना जाचक वाटल्या. अखेर राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये क्रे-लॉक्ससाठी आणि त्यानंतर कर्करोगप्रवण उंदरासाठी कंपनीशी करार केला, आणि ना-नफा संशोधकांना हे उंदीर भांडारातून सहजपणे मिळू लागले. या बदलानंतर काय झाले याचा अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास केला तेव्हा असे दिसले की त्या उंदरांवर आधारित संशोधन वाढले, त्यात नवे संशोधक आले आणि ते नव्या दिशांनी पसरले. २००४ पासून राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानातून नवा वाण तयार करायचा असेल, तर तो इतरांना कसा मिळेल याची योजना अर्जातच द्यावी लागते.

या सगळ्याला प्राण्यांच्या बाजूनेही अर्थ आहे. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्राण्यांचा वापर टाळावा, कमी करावा आणि त्यांचे क्लेश घटवावेत ही तत्त्वे मांडली. आधी बनलेला वाण मिळाला तर तो पुन्हा बनवण्यात जाणारे प्राणी वाचतात, आणि मागणी नसलेला वाण गोठवून ठेवला तर केवळ वंश टिकवण्यासाठी पिंजरे भरून ठेवावे लागत नाहीत. क्रिस्परमुळे आता काही महिन्यांत नवा उंदीर बनतो, तेव्हा नव्या वाणांची संख्या झपाट्याने वाढत असताना हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९५२ मध्ये मुंबईत परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले, आणि तेथे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर मूलभूत काम केले. याच संस्थेत आयसीआरसी नावाचा, ज्याच्या माद्यांना स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात होतात, असा भारतीय अंतःप्रजनित वाण तयार झाला. त्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राकडे आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत जनुकीय बदल केलेल्या उंदरांसाठी राष्ट्रीय सुविधा आहे, बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात आणि हैदराबादमध्येही अशी केंद्रे आहेत. परदेशातून वाण आणायचा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील नियम, संस्थेतील नीतिमत्ता समिती आणि आयातीचा परवाना या सगळ्या पायऱ्या पार कराव्या लागतात आणि हवाई वाहतुकीचा खर्चही मोठा असतो, म्हणून एका भारतीय संस्थेने आणलेला वाण दुसऱ्या भारतीय संस्थेला नोंदीसह मिळणे येथे आणखी महत्त्वाचे ठरते.

त्यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली अगदी बिनखर्चाची आहे. शोधनिबंधात उंदराचा उपवाण, तो कोठून आणला, आपल्या वसाहतीत किती पिढ्या वाढला आणि साठ्याचा क्रमांक, जसा बी६जे साठी ०००६६४, हे पूर्णपणे लिहावे. २०१० पासून प्रचलित असलेले अराइव्ह मार्गदर्शक नियमही प्राण्यांची अशीच सविस्तर नोंद मागतात. दुसरी गोष्ट थोड्या खर्चाची आहे. भारतात तयार झालेल्या प्रत्येक वाणाचे भ्रूण किंवा शुक्राणू किमान दोन शहरांत, एकमेकांपासून लांब आणि पुराच्या पाण्यापासून वर ठेवले जावेत. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी मुंबईत पाहिला आहे, त्यांना तळघरातल्या एकुलत्या एका साठ्याचे काय होऊ शकते हे वेगळे सांगावे लागणार नाही. खारघरच्या वाणाची एक प्रत बेंगळुरूला आणि बेंगळुरूच्या वाणाची एक प्रत पुण्याला, अशी अदलाबदल करायला दोन्हीकडच्या संचालकांचा एक साधा करार आणि नायट्रोजनच्या टाकीत थोडी जागा पुरेशी आहे.